सेल भरतानाचा आकडा फसवा

प्रश्न : माझ्या छोट्या चार्जरवर २००० एमएएचचा सेल भरताना पडद्यावर २३५० आकडा आला. म्हणजे सेल छापलेल्यापेक्षा सरस आहे का?

उत्तर : नाही. हा आकडा सेलमध्ये किती घातलं त्याचा आहे, सेल परत किती देईल त्याचा नव्हे. निकेल-मेटल हायड्राइड सेलमध्ये भरताना, विशेषतः शेवटी शेवटी, काही भाग उष्णतेत जातो. भरत आलेल्या सेलला बोट लावून पाहा, चांगलाच कोमट लागेल.

खरी क्षमता कळते ती सेल रिकामा करताना. चार्जरवर ‘टेस्ट’ची सोय असेल तर तीच वापरा. चार्जर आधी सेल पूर्ण भरतो, मग ठरावीक प्रवाहाने साधारण ०.९ ते १ व्होल्टपर्यंत उतरवतो. ५०० मिलिअँपिअरने सेल ३ तास ३६ मिनिटं टिकला, तर क्षमता १८०० एमएएच. प्रवाह वाढवला की आकडा थोडा घटतो, म्हणून दोन सेलांची तुलना एकाच प्रवाहावर करा.

कपाटात वर्षभर पडलेला सेल पहिल्या फेरीत हमखास कमी भरतो. दोन-तीन वेळा भरून-उतरवून मगच त्याच्याबद्दल मत बनवा. घाईने टाकून दिलेले असे कितीतरी सेल चांगले असतात.

मी प्रत्येक सेलवर चिकटपट्टी लावून तारीख आणि आकडा लिहितो. टॉर्चमध्ये १९०० चा सेल १२०० च्या सेलसोबत घालू नका. दुबळा आधी संपतो, दुसरा त्यातून प्रवाह ढकलतच राहतो आणि दुबळ्याचे ध्रुव उलटून तो कायमचा बिघडतो.