छऱ्याच्या बंदुकीची ताकद : तपासणी आणि जुळवणी

ज्वारी हुरड्यात आली किंवा सूर्यफुलाचे दाणे भरू लागले की पाखरांची राखण सुरू होते. अशा वेळी अनेक घरांत माळ्यावरची छऱ्याची बंदूक खाली काढली जाते. ती किती जोरात छरा फेकते, हे मात्र क्वचितच कोणी मोजलेले असते. कोणी म्हणतो, "जोर कमी झालाय, तेल सोडा." कोणी म्हणतो, "मोठी स्प्रिंग बसवा." हे दोन्ही सल्ले धोक्याचे आहेत. बंदुकीची ताकद घरच्या साहित्याने कशी मोजावी आणि मोजमापानंतर काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

बंदूक कशी चालते?

नळी मोडून बंदूक ताणली की आतील दट्ट्या मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्यापुढची हवा दाबली जाते आणि त्या दाबाने छरा बाहेर पडतो. म्हणजे ताकद तीन गोष्टींवर अवलंबून असते : स्प्रिंगचा ताण, दट्ट्याच्या वॉशरची घट्ट बसणी आणि नळीच्या सांध्यातून हवा न गळणे. स्प्रिंग हा यातील एकच भाग आहे, हे लक्षात ठेवावे.

छऱ्याची ताकद जूल या एककात मोजतात. छऱ्याचे ग्रॅममधील वजन, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २,००० असे हे गणित आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा. अर्ध्या ग्रॅमचा छरा २०० मीटर वेगाने सुटला तर त्याची ताकद १० जूल होते. वेग दुप्पट झाला तर ताकद चौपट होते.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीचा व्यास ४.५ मि.मी. पर्यंत आणि ताकद २० जूलपर्यंत असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. ही मर्यादा ओलांडली की परवाना आवश्यक ठरतो. म्हणून हौसेने जोर वाढविणारा माणूस नकळत विनापरवाना शस्त्र बाळगणारा होतो. शंका असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावे.

मोजणीसाठी लंबक

साहित्य : एक लहान पत्र्याचा डबा, मळलेली चिकण माती, १ मीटर लांबीच्या चार दोऱ्या, झाडूची एक हीर, चाळलेली राख, मोजपट्टी आणि मातीने भरलेले पोते.

१. प्रथम छऱ्याचे वजन काढावे. एक छरा साध्या काट्यावर मोजता येत नाही. सराफाच्या काट्यावर २० छरे तोलून २० ने भागावे. २० छरे १० ग्रॅम भरले तर एक छरा अर्ध्या ग्रॅमचा झाला.

२. डब्यात भाकरीच्या पिठाइतकी घट्ट मळलेली माती भरावी. मातीची खोली किमान ८ सें.मी. असावी. मातीसह डब्याचे वजन छऱ्याच्या बरोबर १,००० पट करावे. छरा ०.५० ग्रॅम असेल तर डबा ५०० ग्रॅम, छरा ०.५३ ग्रॅम असेल तर डबा ५३० ग्रॅम. हे प्रमाण पाळले की पुढचे गणित सोपे होते. डब्याच्या तोंडावर कागद चिकटवावा, म्हणजे माती उडणार नाही.

३. डबा आडवा करून चार दोऱ्यांनी आडव्या वाशाला टांगावा. दोन दोऱ्या पुढे व दोन मागे बांधल्या की डबा वळत नाही, सरळ झोका घेतो. वाशापासून डब्याच्या मध्यापर्यंतची उभी उंची १ मीटर ठेवावी.

४. डब्याच्या तळाला हीर बांधावी. तिचे टोक खाली फळीवर पसरलेल्या राखेत किंचित बुडेल असे ठेवावे. डबा मागे गेला की राखेत रेघ उमटते. स्थिर जागेपासून मागच्या टोकापर्यंतची रेघ हाच आपला झोका.

५. डब्यामागे मातीचे पोते ठेवावे. २ मीटर अंतरावरून, बंदूक टेकवून, डब्याच्या मध्यभागी नेम धरावा. मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा उभा करावा, म्हणजे नळीतील हवेचा झोत डब्याला लागणार नाही.

डोळ्यांवर चष्मा अवश्य लावावा. मुले व जनावरे दूर ठेवावीत. मातीऐवजी लाकूड किंवा दगड वापरू नये. छरा उलट फिरून डोळा जाऊ शकतो. शिवाय छरा उसळला तर झोका जास्त येतो व माप खोटे ठरते.

गणित आणि तक्ता

डबा छऱ्याच्या १,००० पट जड असेल आणि दोरी १ मीटर असेल, तर झोक्याच्या सेंटिमीटरना ३१.३ ने गुणले की छऱ्याचा वेग मिळतो. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्यासाठी तक्ता असा :

झोका ४ सें.मी. – वेग १२५ मीटर – ताकद सुमारे ४ जूल
झोका ५ सें.मी. – वेग १५७ मीटर – ताकद सुमारे ६ जूल
झोका ६ सें.मी. – वेग १८८ मीटर – ताकद सुमारे ९ जूल
झोका ७ सें.मी. – वेग २१९ मीटर – ताकद सुमारे १२ जूल
झोका ८ सें.मी. – वेग २५० मीटर – ताकद सुमारे १६ जूल
झोका ९ सें.मी. – वेग २८२ मीटर – ताकद सुमारे २० जूल

एकाच बारावर निष्कर्ष काढू नये. १० बार करून सरासरी घ्यावी. दर बारानंतर राख सारखी करावी. मातीत रुतलेले छरे मोजणी संपल्यावर काढून टाकावेत. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान झोक्यात अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक पडत असेल, तर बंदुकीत दोष आहे असे समजावे. सरासरी कमी असण्यापेक्षा हा चढ-उतार अधिक वाईट. अशा बंदुकीचा नेम कधीच बसत नाही.

ताकद कमी आल्यास

स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी पुढील क्रमाने पाहावे.

छरे : दबलेले, गंजलेले किंवा सैल बसणारे छरे बाजूला काढून चांगल्या छऱ्यांनी पुन्हा मोजावे.

सांधा : नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी धरून दुसऱ्याकडून मातीच्या पोत्यात बार करवावा. पट्टी फडफडली तर सांध्याचे वॉशर गळते आहे. हे वॉशर स्वस्त असते व सहज बदलता येते.

दट्ट्याचे वॉशर : जुन्या बंदुकीत ते चामड्याचे असते व वाळून आकसते. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलेल्या तेलाचे दोन-तीन थेंबच सोडावेत व रात्रभर मुरू द्यावेत.

स्प्रिंग : वरील सर्व ठीक असूनही ताकद कमी असेल तर स्प्रिंग थकली आहे. बंदूक ताणून तासन् तास ठेवल्याने असे होते. बदलताना त्याच बनावटीची, त्याच मापाची स्प्रिंग घ्यावी. आतील स्प्रिंग दाबाखाली असते. शिकंजाशिवाय खोलल्यास ती उसळून हात किंवा चेहरा फोडते. म्हणून हे काम जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

ताकद जास्त आल्यास

झोका ८ सें.मी. च्या वर जात असेल आणि बार करताना धूर किंवा मोठा आवाज येत असेल, तर नळीत इंजिनचे किंवा शिवणयंत्राचे तेल गेलेले असते. डिझेल इंजिनात जसे दाबाने इंधन पेटते, तसेच येथे घडते. जोर वाढल्यासारखा वाटतो, पण वॉशर जळते, स्प्रिंग तुटते आणि ताकद २० जूलच्या वर जाऊ शकते. नळी कोरड्या कापडाने स्वच्छ करून पुन्हा १० बार मोजावेत. तरीही झोका ९ सें.मी. च्या आसपास राहिला तर वापर थांबवून मूळ मापाची स्प्रिंग बसवून घ्यावी. छऱ्याशिवाय रिकामा बार कधीही करू नये. पुढे हवेची गादी न मिळाल्याने दट्ट्या जोरात आपटतो.

ताकद कळली, पुढे काय?

अवघ्या ५-६ जुलाचा छराही डोळा कायमचा घालवू शकतो आणि मोकळ्या रानात तीनशे मीटरच्या आसपास जाऊ शकतो. शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बायका त्या अंतरात असतात. म्हणून मागे मातीचा बांध असल्याखेरीज बार करू नये. बंदूक भरताना नळी घट्ट धरावी, घरात ती रिकामी आणि कुलपात ठेवावी, छरे वेगळे ठेवावेत.

दुसरी गोष्ट पाखरांची. पोपट, मोर, रोही, हरीण यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्यांच्यावर छरा झाडणे गुन्हा आहे. शिवाय मैना, कोतवाल हे पक्षी पिकांवरील अळ्या व किडे खातात. त्यांना मारून फवारणीचा खर्चच वाढतो. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून हवेच्या बंदुका स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम चालविण्यात आली, तीही पाखरे वाचविण्यासाठीच.

राखणीसाठी चमकणाऱ्या फिती, गोफण, डब्यांचा आवाज आणि सकाळ-संध्याकाळची फेरी हेच उपाय करावेत. फिती एकाच जागी ठेवल्यास पाखरे सरावतात, म्हणून त्यांची जागा बदलत राहावी. रानडुक्कर, रोही यांनी नुकसान केल्यास लगेच वनविभागाकडे अर्ज करावा.

बंदूक घरी असेलच तर तिचा उपयोग कागदी लक्ष्यावर करावा. ऑलिंपिकमधील १० मीटर रायफल नेमबाजीतही ४.५ मि.मी. चाच छरा वापरतात आणि तेथील बंदुका ८ जुलांच्या आतबाहेरच असतात. नेम बसतो तो जोराने नव्हे, दर वेळी सारख्याच जोराने.

थोडक्यात : आधी मोजावे, मग छरे, सांधा, वॉशर व शेवटी स्प्रिंग या क्रमाने पाहावे. जोर मूळ मापावर आणावा, त्याच्या पुढे नेऊ नये. मोजलेले आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत आणि वर्षातून एकदा पुन्हा ताडून पाहावेत.