फाईलच्या पोटातली रिकामी जागा

मार्चअखेर जवळ आली की सोलापुरातील टॉवेल-चादरीच्या पेढ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘डिस्क भरली.’ मग घाईघाईने जुन्या सालांची बिले पुसली जातात. व्यापारी बंधूंनी हे करू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत आणखी लांबते. जागाच हवी असेल तर ती आधी फाईलच्या पोटात शोधावी, तेथे ती पुष्कळदा नुसती पडून असते.

फॉक्सप्रोवर बांधलेले जुने हिशेबाचे प्रोग्रॅम घ्या. खतावणीत ओळ खोडली म्हणून पान मोकळे होत नाही, तसेच येथे आहे. नोंद ‘डिलीट’ केली की तिच्या आरंभी फक्त एक फुलीचे चिन्ह बसते. नोंद जागच्या जागी राहते आणि फाईल एका बाइटनेही घटत नाही. ‘पॅक’ ही आज्ञा दिली तरच खोडलेल्या नोंदी गळतात. पॅकपूर्वी ‘रिकॉल’ने नोंद परत आणता येते, नंतर नाही, म्हणून मुनीमजींना विचारल्याशिवाय पॅक करू नये. शिवाय पॅक करताना नवी प्रत तयार होते, तेवढी मोकळी जागा डिस्कवर आधीच लागते. ॲक्सेसमधील ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’चेही असेच आहे. डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबणाऱ्याला हे दोन्ही मार्ग बंद होतात.

अशा वेळी दुसरा मार्ग उपयोगी पडतो. लिनक्सच्या गाभ्यात २०११ सालापासून फाईलला ‘भोक पाडण्याची’ सोय आहे. फाईलच्या ज्या भागात केवळ शून्ये आहेत, तो भाग डिस्कला परत दिला जातो. वहीतले कोरे पान काढून घेतले, पण पानांचे क्रमांक तसेच राहिले, असे समजा. कोणी ते पान वाचू गेले तर त्याला पूर्वीसारखी शून्येच दिसतात. ‘एफ-ॲलोकेट’ या आज्ञेला ‘डिग-होल्स’ ही जोड दिली की ती अशी शून्ये स्वतः हुडकते. नवी प्रत करावी लागत नाही. एक्सटी-फोर व एक्सएफएस या फाईल-व्यवस्थांवर हे चालते.

याचा खरा लाभ जुना प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवणाऱ्यांना आहे. समजा, त्या मशीनची डिस्क म्हणजे लिनक्स सर्व्हरवरची ४० जीबीची एक पक्क्या आकाराची फाईल आहे आणि आतला माल फक्त ९ जीबी. उरलेल्या ३१ जीबीत पुसलेल्या फाईलींचे अवशेष असतात, शून्ये नव्हेत. म्हणून आधी मशीनच्या आत मोकळ्या जागेवर शून्ये लिहावीत, मशीन पूर्ण बंद करावे आणि मग भोके पाडावीत. वाढत्या आकाराच्या डिस्कवर मात्र शून्ये लिहिताना फाईल उलट फुगत जाते. तेथे आधी बाहेर जागा आहे का ते पाहावे.

जॅकार्डच्या डिझाईनवाल्यांना यातून फार मिळणार नाही. पांढरी पार्श्वभूमी डोळ्यांना कोरी दिसते; पण २४ बिटांच्या बीएमपी फाईलमध्ये पांढऱ्या रंगाचा प्रत्येक बाइट २५५ असतो, शून्य नव्हे. ती डिझाईने झिप करून ठेवणे बरे.

भोके पाडल्यावर ‘एलएस’ ४० जीबीच दाखवील, ‘डीयू’ ९ च्या आसपास. दोन्ही खरे. पहिली फाईलची लांबी आहे, दुसरी प्रत्यक्ष व्यापलेली जागा. मिळालेली जागा इतर कामांनी भरून टाकली आणि पुढे मशीनने भोकात लिहायला घेतले, तर जागाच नसल्याने लिखाण अडते व हिशेब बिघडू शकतो. म्हणून निम्मी तरी जागा राखून ठेवावी, असे आमचे मत आहे. या कामाला हात लावण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घ्यावी आणि ती उघडून पाहावी. पेनड्राइव्हवरील फॅट-३२ व एक्सफॅट या व्यवस्थांना भोके कळत नाहीत : तेथे ती फाईल पूर्ण ४० जीबी जागा मागेल, आणि फॅट-३२ तर ४ जीबीच्या वरची फाईल घेतच नाही.