घरात काय आहे, हे आधी विचारावे

अभ्यासपाठ : २ राजे, अध्याय ४, वचने १ ते ७



कर्जात बुडालेली एक विधवा अलीशा संदेष्ट्याकडे येते. सावकार तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्याच्या बेतात आहे. तिला काय हवे हे विचारून अलीशा थांबत नाही. घरात काय शिल्लक आहे, हेही तो विचारतो. थोडेसे तेल निघते आणि तिथूनच तिची सुटका सुरू होते. ते तेल वाढते, ती विकते, कर्ज फेडते आणि उरलेल्या पैशावर मुलांसह जगते.

हाच प्रश्न आपल्या देशातील खेड्यांना विचारणारी काही जुनी पुस्तके आहेत. त्यांचे लेखक जे. सी. कुमारप्पा. १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये ते हिशेबतपासनीस झाले, पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. १९२९ मध्ये गांधीजींशी भेट झाली आणि आयुष्याची दिशा बदलली. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे ते चिटणीस झाले. तेथील मगनवाडीत तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, हातकागद व मधमाशापालन यांवर प्रयोग चालत. १९४२ च्या आंदोलनानंतरच्या तुरुंगवासात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर, दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’, म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्थेवर.

या दुसऱ्या पुस्तकातील दोन विचार आपण ध्यानात घेऊ.

पहिला विचार साठ्याचा आणि प्रवाहाचा. कोळसा व खनिज तेल हे साठे आहेत, वापरले की संपतात. लाकूड मात्र प्रवाहासारखे आहे. जंगल वाढते तेवढेच तोडले तर ते पिढ्यान् पिढ्या पुरते. साठ्यावर उभे राहिलेले जीवन भांडणाकडे जाते, प्रवाहावर उभे राहिलेले शांतीकडे, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा विचार पायऱ्यांचा. सर्वांत खाली दुसऱ्याच्या जिवावर जगणे, मग न पेरता फळ लुटणे, मग स्वतःच्या कष्टाचे खाणे, त्यावर मधमाश्यांप्रमाणे सर्वांसाठी झटणे, आणि सर्वांत वर पिल्लांना भरवणाऱ्या पक्षिणीसारखी परतफेडीची अपेक्षा नसलेली सेवा.

आज याचा उपयोग काय? आपल्या आदिवासी पाड्यांकडे पाहा. मोहाच्या बियांचे तेल, नागली, वरई, रानभाज्या, बांबू, मध हे सारे तिथलेच धन. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नसते. तरी गरजेपोटी मोहफुले हंगामात स्वस्तात विकली जातात आणि पुढे तेल-मीठ उधारीवर येते. विधवेच्या घरातले तेल बाहेर गेले आणि सावकार मात्र दारातच राहिला, अशी ही स्थिती आहे.

उलट उदाहरणही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर तिथल्या ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. घरचे धन घरच्यांच्या हाती आले की काय घडते, हे तिथे दिसते.

मात्र जुनी पुस्तके डोळे मिटून वाचू नयेत. नागली दळणे आणि भात सडणे हे कष्ट बायकांच्याच वाट्याला येत. पाड्यावर गिरणी आली आणि त्यांच्या पाठीला विसावा मिळाला, तर त्याला विरोध का करावा? स्वावलंबनाच्या नावाखाली कोणाला दवाखाना, शाळा किंवा वीज नाकारणे हा त्या पुस्तकांचा अर्थ नव्हे. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि त्याचा नफा कुठे जातो, हे विचारावे.

हा प्रश्न आपल्या दानालाही लागू आहे. आपण ब्लँकेट देतो, धान्य देतो. दुष्काळात व आजारात ते दिलेच पाहिजे. पण दरवर्षी तेच द्यावे लागत असेल, तर आपण त्या घरात काय आहे हे कधी विचारले का? वाटप हातातोंडाची गाठ घालते. बियाणे, घाणी, बचतगट आणि जमिनीचा कागद मिळाला तर पुढच्या वर्षी मागायची वेळ येत नाही. अलीशाने शेजाऱ्यांकडून मागवली ती रिकामी भांडी. शेजाऱ्यांचे काम भांडी देण्याचे, तेल त्या बाईचेच होते.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या ओळखीच्या पाड्यावर कोणते धन आहे, ज्याकडे आपले लक्ष गेले नाही?
२. आपल्या कोणत्या मदतीने लोक उभे राहिले, आणि कोणत्या मदतीने ते आपल्याकडे पाहत बसले?
३. या तिमाहीत आपण कोणते ‘रिकामे भांडे’ देऊ शकतो?

देणाऱ्याला नम्रता आणि घेणाऱ्याला मान मिळावा, अशी आपण मिळून प्रार्थना करू.