घरच्या शाळेत शिकलेल्या लेखिका

शास्त्रपाठ : 2 तीमथ्य 1:5, 3:14-15

ना. वा. टिळकांची गीते आपण उपासनेत गातो. पंडिता रमाबाईंचे नाव तर लहानथोरांस ठाऊक आहे. परंतु आपल्या ख्रिस्ती साहित्यातील दोन थोर लेखिका शाळेत नव्हे, तर घरी अक्षरे शिकल्या, हे फार थोड्यांना माहीत असते.

रमाबाई (1858-1922) बालपणी शाळेत गेल्या नाहीत. आईवडिलांची तीर्थयात्रा चाले आणि वाटेतच आई त्यांना संस्कृत शिकवी. पुढे याच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, केडगावहून प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाई टिळक (1868-1936) लिहावाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर, पतीच्या मदतीने. 1919 मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांची 'स्मृतिचित्रे' आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात.

तीमथ्याचा विश्वासही प्रथम आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायी होता.

आदिलाबाद जिल्ह्यातील आपली जी मुले शाळेत तेलुगू शिकतात, त्यांना मराठी मिळते ती घरी आणि मंडळीतच. तेथे ती मिळाली नाही, तर त्यांना आपले शास्त्र व गीते परकी होतील. म्हणून घरच्या शिक्षणाला आपण कमी लेखू नये.

वर्गासाठी : प्रत्येक मुलाने आजीची एक आठवण मराठीत लिहून आणावी व वर्गात वाचावी.