पहिल्या सहा मॅच आणि पहिले सहा आठवडे

या आठवड्याच्या व्हिडिओत ‘धंदा सुरू केल्यावर पहिल्या दीड महिन्यात काय बघायचं’ हा विषय घेतला होता. वेळ कमी पडला आणि फुटबॉलचं उदाहरण घाईत उरकलं, ते इथे नीट सांगतो. फुटबॉल कळत नसेल तरी वाचा. ऑफसाइड कुठेही येणार नाही.

अंधेरी पश्चिमेला महापालिकेचं क्रीडासंकुल आहे. 2016 पासून ते मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान. मॅच संपली की निळ्या जर्सीतली मंडळी आझादनगर मेट्रोकडे चालायला लागतात. सीझनच्या पहिल्या दोन-तीन मॅचनंतर त्या गर्दीत कान देऊन चाला. जिंकले असतील तर ‘यंदा आपणच पहिले’. हरले असतील तर ‘कोच हाकला’. पण त्यात एखादा जुना सपोर्टर असतो, तो निकाल देत नाही, प्रश्न विचारतो. खेळलो कुणाशी? घरी की बाहेर? आपला कोण नव्हता? गोल आपण केला, की त्यांनी आंदण दिला?

हा माणूस दहा वर्षांत शहाणा झालाय, उगाच नाही. या क्लबचा इतिहासच तसा आहे.

2014 मध्ये आयएसएल सुरू झाली. मुंबईची पहिली मॅच कोलकात्याला, 0-3 हार. लगेच 18 ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये पुण्याला 5-0 हरवलं, आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक. लोकांना वाटलं, टीम सेट झाली. सीझन संपला तेव्हा मुंबई आठ टीममध्ये सातवी. चौदा मॅचमध्ये एकूण गोल 12. म्हणजे त्यातले पाच त्या एकाच संध्याकाळी! उरलेल्या तेरा मॅचमध्ये सात.

आता तुमच्या वहीत बघा. पहिल्या महिन्याचा गल्ला साठ हजार, छान. पण त्यात एका लग्नाची पंचवीस हजारांची ऑर्डर असेल, तर ती बाजूला काढा. उरले पस्तीस. तुमचा धंदा पस्तीसचा आहे, साठचा नाही. भाडं पस्तीसमधून निघतंय का, ते बघा.

आता दोन सीझन शेजारीशेजारी ठेवतो.

2020-21. कोरोनामुळे सगळी लीग गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. नवे कोच सर्जिओ लोबेरा. पहिलीच मॅच नॉर्थईस्टशी, 0-1 हार. अहमद जाहूला हाफटाइमच्या आधीच रेड कार्ड, मग सगळा दुसरा हाफ दहा जणांनी खेळायचा, आणि गोल बसला तो पेनल्टीवर. घरबसल्या लोक चिडले. त्याच टीमने वीस मॅचमध्ये 40 पॉइंट काढले, लीगमध्ये पहिली आली आणि 13 मार्च 2021 ला फायनलही जिंकली, बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलवर.

2021-22. पुन्हा गोवा, पुन्हा नवे कोच, डेस बकिंगहॅम. पहिल्या सहा मॅचमध्ये पाच विजय, 15 पॉइंट. मोहन बागानला 5-1 ने धुतलं. मग 19 डिसेंबरला केरळकडून 0-3, आणि पूर्ण जानेवारी एकही विजय नाही. शेवटी 31 पॉइंट आणि पाचवा नंबर. पहिल्या चारांना सेमीफायनल, मुंबई घरी. गणित करा: पहिल्या सहांत 15, पुढच्या चौदांत 16.

याचा अर्थ वाईट सुरुवात शुभ असते, असा काढू नका. असले मोटिव्हेशनल व्हिडिओ भरपूर आहेत, माझ्याकडे नको. अर्थ एवढाच, की पहिला आकडा कशामुळे आला हे विचारल्याशिवाय त्यावर पैसे लावायचे नाहीत. रेड कार्ड दर मॅचला मिळत नाही. ते एकदाचं कारण. पण तुमचा माल शेजारच्यापेक्षा महाग असेल तर ते कारण रोज सकाळी शटरबरोबर उघडतं.

माझं स्वतःचं सांगतो, कारण हे मी पैसे भरून शिकलोय. मुलुंड पूर्वेला घरगुती फराळाचं दुकान टाकलं, गणपतीच्या आठवड्यात. दिवाळीपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी लगेच घाटकोपरला दुसरा गाळा घेतला. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, डिपॉझिटसाठी बायकोचे दागिने गहाण. जानेवारीत दोन्हीकडे माश्या मारत बसलो. एका रात्री ऑर्डरची वही काढून नावांपुढे खुणा करत गेलो. दिवाळीच्या ऑर्डरींपैकी निम्म्याहून जास्त आमची सोसायटी, नातेवाईक आणि बायकोचं ऑफिस! म्हणजे सगळ्या मॅच घरच्या मैदानावर, तेही सणाच्या दिवसांत. अनोळखी माणूस परत आला, असं फक्त अकरा वेळा घडलं होतं. ही वही ऑक्टोबरातही माझ्याच टेबलावर होती, मी उघडली नाही. सात महिन्यांत घाटकोपर बंद केलं. बांगड्या सुटायला दोन वर्षं लागली. ती काही बोलली नाही, हेच जास्त लागलं.

उलटी बाजू. बोरिवलीच्या एका ताई डब्याचा धंदा करतात. ऐन पावसाळ्यात सुरू केला. पहिल्या आठवड्यात चौदा डबे, सहाव्यात अकरा. ‘सर, बंद करू का?’ मी म्हटलं, कोण गेलं ते सांगा. दोन विद्यार्थी कोर्स संपला म्हणून गावी गेले, एकजण पावसात दोनदा डबा उशिरा पोचला म्हणून सुटला. उरलेले अकराही पहिल्या आठवड्यातलेच आणि त्यातले नऊ पूर्वी अनोळखी. चवीसाठी कुणी सोडलेलं नव्हतं. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय, पण एका अटीवर: पोचवायला दुसरा मुलगा ठेवायचा, कारण पाऊस पुढच्या वर्षीही येणार आहे. नवीन गिऱ्हाईकही एक आलेलं नाही, तीही काळजी आहेच. बरोबर सांगितलं की चूक, ते नोव्हेंबरात कळेल.

तुमचं काम. वहीत चार रकाने पाडा. पहिल्यात ओळखीचं गिऱ्हाईक, दुसऱ्यात अनोळखी, तिसऱ्यात अनोळखी असून पुन्हा आलेलं, चौथ्यात एकदाचीच मोठी ऑर्डर. सहा आठवड्यांची सगळी विक्री त्यात वाटा. उधारी दिली असेल तर त्या आकड्याभोवती लाल गोल करा, तो गोल अजून झालेला नाही. दुसरा गाळा, नवीन मशीन किंवा शटर कायमचं खाली, यातलं काहीही ठरवायच्या आधी फक्त तिसऱ्या रकान्याची बेरीज करा आणि महिन्याच्या भाड्याशेजारी लिहा.

पुढच्या व्हिडिओत हाच तक्ता एका स्टेशनरीच्या दुकानाचे खरे आकडे घेऊन भरून दाखवतो. तोपर्यंत तुमचा भरून ठेवा.