विचारले होते काय?



शाळा सोडताना पुढे कोण व्हावे, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याला व त्याच्या पालकांनाही पडतो. डॉक्टर, वकील, अध्यापक ही नावे आपल्या ओठावर तत्काळ येतात. परंतु या तिघांच्याही वाटा जेथे एकत्र मिळतात असे एक विद्याक्षेत्र आहे, व त्याचे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकले असेल. त्यास जीवनीतिशास्त्र असे म्हणतात. रोग्यावर उपचार करताना किंवा नवे औषध माणसावर पारखून पाहताना काय करता येणे शक्य आहे, हे वैद्यकशास्त्र सांगते. जे शक्य आहे ते करणे योग्य आहे काय, याचा विचार जीवनीतिशास्त्र करते. या विषयाच्या संशोधनात व अध्यापनात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, अशा एका प्राध्यापकाची हकीकत आम्ही येथे देत आहोत. त्यांचा सारा व्यासंग एका साध्या प्रश्नाभोवती फिरत राहिला. तो प्रश्न असा: ज्याच्या देहावर हे सर्व चालले आहे, त्या माणसाला कोणी विचारले होते काय?

जे कॅट्झ यांचा जन्म १९२२ साली जर्मनीतील झ्विकाऊ या गावी एका यहुदी कुटुंबात झाला. नाझी राजवटीच्या छळामुळे कोवळ्या वयातच त्यांना मायभूमी सोडावी लागली, व १९४० साली ते अमेरिकेस पोहोचले. तेथे व्हरमाँट विद्यापीठाची पदवी घेऊन १९४९ साली ते हार्वर्ड येथून डॉक्टर झाले, आणि मनोविकारशास्त्र हा त्यांनी आपला विषय केला. पुढे येल विद्यापीठात असताना १९५८ च्या सुमारास ते तेथील कायद्याच्या विद्यालयात शिकवू लागले. मनाचा वैद्य वकिलांच्या वर्गात काय शिकवणार, असे कोणासही वाटावे. परंतु माणूस निर्णय कसा घेतो, कोणाच्या दडपणाखाली घेतो, आणि तोंडाने 'होय' म्हणत असता त्याच्या मनात काय चाललेले असते, हे कायद्याच्या अभ्यासकाने जाणलेच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

या अध्यापनाच्या ओघात त्यांचे लक्ष न्यूरेंबर्ग येथील डॉक्टरांवरील खटल्याकडे वळले. डिसेंबर १९४६ मध्ये हा खटला उभा राहिला. छळछावण्यांतील बंदिवानांवर घोर प्रयोग केल्याबद्दल व तत्सम अपराधांबद्दल २३ जणांवर आरोप होते, व त्यांतील बहुतेक सर्व डॉक्टर होते. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागून १६ जण दोषी ठरले व त्यांपैकी ७ जणांस फाशीची शिक्षा झाली. त्याच निकालपत्रात न्यायाधीशांनी माणसांवरील प्रयोगांसंबंधी दहा नियम घालून दिले. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हा त्यांतील पहिला नियम होय.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आरोपींतील कित्येक जण उत्तम विद्यालयांत शिकलेले व मानमरातब पावलेले विद्वान होते. शिवाय माणसांवरील प्रयोगांबाबतचे सरकारी नियम जर्मनीत १९३१ सालीच जाहीर झाले होते. म्हणजे विद्याही होती आणि नियमही होते. नव्हती ती समोरच्या बंदिवानाला आपल्यासारखाच माणूस मानण्याची बुद्धी. ज्या देशाने आपणांस हाकलून दिले, त्या देशातील दुष्टांची ही कहाणी आहे, असे म्हणून कॅट्झ यांना हे प्रकरण मिटवता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ज्या देशाने आपणांस आसरा दिला, त्या देशातील रुग्णालयांत काय चालते, हेही त्यांनी तितक्याच कठोरपणे तपासले.

त्यांचा 'माणसांवरील प्रयोग' या विषयावरील हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसता उपदेश नाही. न्यायालयांचे निकाल, डॉक्टरांचे जबाब, मूळ पत्रे व अहवाल विद्यार्थ्यांपुढे मांडावेत आणि त्यांनाच विचार करावयास लावावे, अशी त्याची रचना आहे. आरंभीच ब्रुकलिन येथील एका रुग्णालयाचे प्रकरण येते. १९६३ साली तेथे २२ वृद्ध व जर्जर रोग्यांच्या अंगात कर्करोगाच्या जिवंत पेशी टोचण्यात आल्या. टोचणीतून अपाय होणार नाही अशी प्रयोग करणाऱ्यांची खात्री होती. परंतु त्या पेशी कर्करोगाच्या आहेत, हे मात्र रोग्यांस सांगितले गेले नाही. अपाय झाला नाही एवढ्याने कृत्य निर्दोष ठरते काय? शेजाऱ्याच्या घरातील वस्तू न विचारता उचलून नेली आणि जशीच्या तशी परत ठेवली, तर वस्तूची हानी झाली नाही हे खरे. परंतु शेजाऱ्याच्या घराची व त्याच्या शब्दाची किंमत आपण शून्य ठरवली, हेही तितकेच खरे. मग माणसाचे शरीर तर घराहूनही जवळचे!

त्याच वर्षी, जुलै १९७२ मध्ये, वृत्तपत्रांतून एक भयंकर प्रकार उघडकीस आला. अमेरिकेच्या अलाबामा संस्थानातील टस्कीगी या गावाच्या परिसरात, १९३२ पासून तब्बल ४० वर्षे, सरकारी आरोग्यखात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचे निरीक्षण चालवले होते. त्यांपैकी ३९९ जणांस उपदंशाचा रोग होता. उपचार न केल्यास हा रोग शरीरात कसा पसरतो, हे पाहावयाचे होते! त्या माणसांना त्यांच्या रोगाचे नाव सांगितले नाही. 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले. तपासणीसाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढले, तेही 'खास मोफत उपचार' म्हणून. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे रामबाण औषध सर्वत्र मिळू लागले, तरी त्यांना ते मिळू नये अशीच व्यवस्था राहिली. आणि हे सर्व गुप्तही नव्हते. या निरीक्षणाचे वृत्तांत वैद्यकीय मासिकांतून वेळोवेळी छापून येत होते. शेकडो विद्वानांनी ते वाचले असतील. पीटर बक्स्टन नावाच्या, आरोग्यखात्यातीलच एका तरुण कर्मचाऱ्याने १९६६ पासून वरिष्ठांकडे हरकत घेतली. ती व्यर्थ गेली, तेव्हा अखेर ही माहिती वृत्तपत्रांपर्यंत पोहोचली.

सरकारने चौकशीसाठी नऊ जणांचे मंडळ नेमले, त्यात कॅट्झ होते. मंडळाच्या अहवालास आपले वेगळे मत जोडून त्यांनी सांगितले, की या माणसांची संमती मुळी घेतलीच नव्हती. त्यांना फसवण्यात आले व त्यांचा वापर करून घेण्यात आला. १९७४ साली अमेरिकेत माणसांवरील संशोधनाचा कायदा झाला, व प्रयोगापूर्वी समितीची मान्यता घेण्याची प्रथा दृढ झाली. परंतु अशा संशोधनावर लक्ष ठेवणारे एक स्वतंत्र राष्ट्रीय मंडळ असावे, ही कॅट्झ यांची मागणी मान्य झाली नाही. तेथील राष्ट्राध्यक्षांनी टस्कीगीच्या पीडितांची जाहीर क्षमा मागितली, ती १९९७ साली. तोवर त्यांतील अवघे आठ जण हयात होते.

कायदा झाला म्हणजे कार्य संपले, असे कॅट्झ यांना कधीच वाटले नाही. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या, डॉक्टर व रोगी यांच्यामधील मौनाविषयीच्या ग्रंथात त्यांनी आणखी खोल जाऊन पाहिले. डॉक्टर रोग्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत, याचे कारण केवळ वेळेचा अभाव नव्हे. वैद्यकशास्त्रातही अनिश्चितता असते. एकाच रोगावर तितकेच निष्णात दोन डॉक्टर दोन निरनिराळे उपाय सांगतात. ती अनिश्चितता कबूल केली तर रोग्याचा विश्वास उडेल, अशी डॉक्टरांना धास्ती वाटते. कॅट्झ यांचे म्हणणे याच्या उलट होते. जे ठाऊक आहे ते व जे ठाऊक नाही तेही, दोन्ही रोग्यापुढे मांडावे. खरा विश्वास त्यातूनच उपजतो. कागदावरील सही म्हणजे संमती नव्हे. संमती ही दोन माणसांच्या संवादातून यावी लागते.

यावर पालकांपैकी कोणी म्हणतील, 'अहो, आम्हां अडाण्यांना त्यातले काय कळणार? डॉक्टरांनी ठरवावे, आम्ही मान डोलवावी.' या म्हणण्यात भाबडी श्रद्धा आहे, व आजारी माणसाचा थकवाही आहे. त्याची थट्टा करणे योग्य होणार नाही. परंतु औषधाचे रसायन न कळणारालाही आपल्याला कोणत्या गोष्टीचे भय वाटते, घरी कोणाचा संसार आपल्यावर अवलंबून आहे, आणि किती दिवस अंथरुणावर काढणे परवडेल, हे डॉक्टरांहून अधिक ठाऊक असते. निर्णयास दोन्ही ज्ञाने लागतात.

हा प्रश्न काही परक्या देशापुरताच नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यावरील लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती टोचण्यात आली, व न टोचलेल्यांपेक्षा टोचलेले अधिक सुरक्षित राहिले. परळ येथील संस्था १९२५ पासून त्यांचे नाव मिरवीत आहे, ते यथार्थच आहे. परंतु जीवनीतिशास्त्राचा विद्यार्थी येथे क्षणभर थांबतो. आधी स्वतःचा दंड पुढे करणाऱ्या संशोधकाला तो वंदन करतो, आणि मग विचारतो: तुरुंगाच्या भिंतीआड, रोग दाराशी आलेला असताना, कैद्याचे 'होय' कितपत मोकळे असू शकते? याचे उत्तर सोपे नाही. म्हणूनच त्याचा अभ्यास करावयाचा.

आज आपल्या देशातही यासंबंधी स्पष्ट नियम आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली आपले पहिले धोरण जाहीर केले, २००० साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे दिली व २०१७ मध्ये ती सुधारली. नव्या औषधांच्या चाचण्यांविषयी २०१९ चे नियम आहेत. संमती देणाऱ्यास वाचता येत नसेल, तर निःपक्षपाती साक्षीदार हजर पाहिजे, अशी तरतूद आहे. परंतु नियम जर्मनीतही होते, हे आपण वर पाहिलेच. नियमांत प्राण ओतणारी माणसे विद्यालयांतून तयार व्हावी लागतात.

ज्या विद्यार्थ्याला या क्षेत्राची ओढ वाटेल, त्याने अमुकच दाराने आत शिरावे असे नाही. कोणी वैद्यकातून येतो, कोणी कायद्यातून, कोणी तत्त्वज्ञानातून. यात धन फारसे नाही, आणि कीर्ती तर अनेकदा अप्रिय सत्य बोलल्याचीच मिळते. प्रा. कॅट्झ २००८ साली निवर्तले. त्यांच्या साऱ्याच सूचना अमलात आल्या नाहीत. परंतु त्यांच्यापुढे बसलेले विद्यार्थी तो प्रश्न बरोबर घेऊन गेले. अध्यापकाची मिळकत ती हीच.

आणि मित्रहो, हे व्रत आजपासूनही घेता येईल. घरातील आजीआजोबांना दवाखान्यात कधी कागदावर अंगठा उठवावा लागला, तर तुम्ही शिकलेले आहात. तो कागद आधी त्यांना सावकाश वाचून दाखवा, न कळलेले डॉक्टरांना नम्रपणे विचारा, आणि मग आजीकडे वळून विचारा, 'आजी, तुझ्या मनात काय आहे?'

विचारार्थ प्रश्न

१. ब्रुकलिनच्या रोग्यांस अपाय झाला नाही, असे धरून चालले तरी त्यांच्यावर अन्याय झाला काय? कारणे द्या.

२. भायखळ्याच्या कैद्यांची संमती व टस्कीगीच्या माणसांची स्थिती यांत कोणते साम्य व कोणता भेद दिसतो?

३. नियम असूनही जर्मनीत अनर्थ घडला. नियमांखेरीज आणखी कशाची आवश्यकता आहे, यावर दहा ओळी लिहा व त्या घरी वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा.