दगडी हत्ती

मुंबईस गेलेला माणूस भायखळ्याची राणीची बाग पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. तिला आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. लोक जनावरे पाहतात, पेंग्विन पाहतात, आणि गाडी चुकेल म्हणून पळतात. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली उघडले. त्याच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. "हां, हत्ती!" म्हणायचे आणि पुढे जायचे, अशी रीत पडली आहे.

आम्ही म्हणतो, जरा थांबा की! बाजारात बैल घेताना तुम्ही काय करता? दात पाहता, खूर पाहता, अंगावरून हात फिरवता, चार पावलं चालवून बघता. तिथे घाई करत नाही, कारण पदरचे पैसे जायचे असतात. तसाच हा हत्ती पाहा. अंगावर रेषा दिसतील. ते सांधे आहेत.

हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा, एकाच काळ्या दगडात कोरलेला. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेस न्यायला निघाले. उचलताना तो पडला आणि फुटला. (फुटला म्हणून राहिला, नाहीतर गेलाच होता!) तुकडे या बागेत आणले. पुढे १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

पाय, पोट, पाठ सावकाश पाहा. एक बाजू झाली की दुसरीकडे जा. पोरे बरोबर असली तर त्यांना सांधे शोधायला सांगा. मोठ्यांच्या आधी त्यांनाच सापडतात.